ओठ मिटा, हलू नका

केशवकाकांवर लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. पण आमच्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या महिन्यात एका शहाण्यानं टाकलं, की एक जुने उस्ताद व्हिडिओ करायला गेले आणि त्यांची कशी फजिती झाली बघा. खाली वीस-बावीस जणांनी हसरे चेहरे चिकटवले. त्यातल्या निम्म्यांना कॅमेरा धरायला काकांनी शिकवलंय. माझं डोकं फिरलं. फजिती वगैरे काही नव्हती ती, आणि जे झालं त्यात काकांइतकाच माझाही हात आहे. म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो.

मी इंद्रजीत. मुकुंदवाडीत स्टेशनच्या रस्त्याला माझं एडिटिंगचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणायचं आपलं. दोन कॉम्प्युटर, एक कूलर आणि भिंतीला टेकवलेले ट्रायपॉड. लग्नाचे व्हिडिओ काढतो, कापतो, जोडतो, त्यावर गाणी घालतो. पण मूळ काम फोटोचं, आणि ते शिकलो केशवकाकांच्या औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओत. जिन्याखालची जागा, आत काळा पडदा, एक स्टूल, दोन दिवे. पाटीवर शहराचं नाव अजून जुनंच आहे. बदलू बदलू म्हणत राहून गेलं.

काकांचे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील तहसील कचेरीत कारकून. मुलानं बँकेची परीक्षा द्यावी म्हणून वडलांनी फॉर्म आणून दिला. फॉर्मला लावायचा फोटो काढायला हे स्टुडिओत गेले आणि तिथंच रमले. परीक्षा दिलीच नाही. वडील सहा महिने बोलत नव्हते. पुढं पेन्शनच्या कागदांसाठी तेच वडील यांच्यासमोर स्टुलावर येऊन बसले, तेव्हा यांनी त्यांनाही सांगितलं, ओठ मिटा, हलू नका.

ही दोन वाक्यं अर्ध्या शहरानं ऐकली असतील. काका फोटो भराभर काढत नसत. एका माणसाचा एकच. समोरचा बसला की ते त्याला काहीतरी विचारायचे, बोलतं करायचे, आणि मग म्हणायचे, ओठ मिटा. ओठ मिटले की बोट दाबलं जायचं. मी नवा होतो तेव्हा विचारलं होतं, असं का? तर म्हणाले, माणूस बोलत असतो तेव्हा त्याचा चेहरा ऐकणाऱ्यासाठी असतो. बोलणं संपून ओठ मिटले की पुढच्या क्षणी तो परत स्वतःचा होतो, तेवढाच धरायचा. वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही एका शिफ्टमध्ये तीनशे कामगारांचे ओळखपत्राचे फोटो काढले होते. तीनशे वेळा तीच दोन वाक्यं, आणि एकाचेही डोळे मिटलेले नाहीत, एकाचंही तोंड उघडं नाही. मी दिवे हलवून दमलो होतो. त्यांचं बोट मात्र सकाळच्यासारखंच चालत होतं, त्यांच्याही नकळत.

व्हिडिओवाल्यांवर त्यांचा भारी राग. मांडवात हॅलोजन नवरीच्या तोंडावर मारला की ती डोळे बारीक करते आणि फोटो जातो, म्हणून त्यांना ते हॅलोजनवाले म्हणायचे. मी स्वतः हॅलोजनवाला झालो तेव्हा महिनाभर माझ्याशी तुटक वागले. मग एक दिवस डबा घेऊन ऑफिसात आले, अर्धी पोळी मला दिली आणि म्हणाले, पोटासाठी कर, पण त्याला कला म्हणू नकोस.

आता मीनाक्षीकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांची आहे. काका रोज सकाळी दिव्यांची जागा ठरवायचे ती काकूंना स्टुलावर बसवून. काकू बोलक्या. दिवा इकडचा तिकडं होईपर्यंत त्यांची बाजारातली, शेजारची, माहेरची एक एक हकीकत चालू असायची, आणि काका म्हणायचे, अगं, ओठ मिट जरा. मग काकू गप्प व्हायच्या, फोटो निघायचा, आणि त्या विचारायच्या, "झालं का?" असे चाळीस वर्षांचे फोटो आहेत. स्टुडिओची एक भिंत त्यांनीच भरलीय. सगळ्या फोटोंत ओठ मिटलेले.

आणि काकूंच्या गाण्याचं ते राहतात त्या सिडकोत किती नाव होतं म्हणून सांगू. आमच्या भागात बारसं असलं की काकूंना बोलावणं जायचं. त्या पाळणा म्हणायच्या, आणि तो स्वतः रचलेला. प्रत्येक बाळाला नवे शब्द आणि नवी चाल. एकाच्या बारशाची चाल दुसऱ्याच्या बारशाला वापरायची नाही, हा त्यांचा नेम. शब्द वहीत लिहून ठेवायच्या. पेटी-बिटी काही येत नव्हती, त्यामुळं चाल फक्त गळ्यात. माझ्या पोरीच्या, संस्कृतीच्या बारशाला म्हटलेली चाल माझ्या बायकोला अजून येते. मला येत नाही, कारण मी तेव्हा फोटो काढत होतो.

तीन वर्षांपूर्वी काकांचा जुना कॅमेरा कायमचा बंद पडला आणि नव्या पद्धतीचा, आत आरसा नसलेला मिररलेस घ्यावा लागला. त्यांना तो कधी आवडला नाही. बटण दाबल्यावर आतून खट् असं काही येत नाही, हाताला काही कळत नाही, ही तक्रार. पडद्यावर आकडे आणि चौकटी येतात त्याही नकोत. माझ्याकडून त्यांनी झाडून सगळ्या खुणा बंद करून घेतल्या, आवाज बंद करून घेतले. चेहऱ्यावर काही लिहिलेलं चालत नाही म्हणाले. मी दिलं करून.

त्याच सुमाराला जालना रोडवरच्या एका हॉलमध्ये फोटोग्राफरांसाठी व्हिडिओची कार्यशाळा होती. मिररलेस सगळ्यांकडं आलाय, मग त्यातला व्हिडिओ फुकट का घालवता, असा विषय. मी काकांना ओढून नेलं. शिकवणारा पुण्याचा तरुण मुलगा, हुशार होता. तो म्हणाला, तुम्ही क्षणाची सवय सोडा, क्षण पकडू नका, वाहू द्या. काका उठून बाहेर आले. चहाच्या टपरीवर मला म्हणाले, "चाळीस वर्षं जे धरलं ते सोडा म्हणतोय. आणि तू टाळ्या वाजवतोस." मी हसण्यावारी नेलं. तो पोरगा काय सांगत होता ते मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं.

स्टुडिओ हळूहळू थंडावत गेला. शाळा मोबाईलवर फोटो काढायला लागल्या, कारखान्यांच्या गेटवरच कॅमेरे बसले, लग्नवाल्यांना रील हवी. काका तरीही व्हिडिओला शिवले नाहीत. शिवले ते काकूंमुळं.

दिवाळीपासून काकूंचा आवाज बसला होता. गरम पाणी, हळद, ज्येष्ठमध झालं. चैत्रात तपासणी केली तेव्हा घशातलं दुखणं वाईट निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज नाही. श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल. काकूंनी एकच विचारलं, की किती दिवस आहेत? डॉक्टर म्हणाले, पंधरा.

त्यांची मुलगी चारुता नाशिकला असते. तिला सहावा महिना चालू होता आणि बाळंतपणाला ती माहेरी येणार होती. काकूंनी ठरवलं की नातवंडाचा पाळणा आत्ताच रचायचा, आत्ताच म्हणून ठेवायचा आणि बारशाला तो लावायचा. शिवाय चारुताला चार गोष्टी सांगायच्या. आठ दिवस त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. पाटी घेतली, त्यावर लिहायच्या. गळा एकदाच साथ देईल, तो उगाच खर्चायचा नाही म्हणून. पाळणा मनातल्या मनात बांधला.

चारुता फोनवर काकांना म्हणाली, बाबा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि पाठवून द्या. काका नाही म्हणाले. मोबाईलमध्ये नाक मोठं येतं, कडा वाकतात, आणि जन्मभर ज्यानं चेहरे काढले त्यानं स्वतःच्या बायकोचं शेवटचं बोलणं मोबाईलवर घ्यायचं का? मला विचारलं तर मीही म्हणालो, बरोबर आहे काका, मोबाईल नकोच. ते माझं बोलणं मला आता आठवतं तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग ते शिकायला आले. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा माणूस वही घेऊन माझ्यासमोर बसला. व्हिडिओचं लाल बटण त्यांच्या कॅमेऱ्यावर अंगठ्याजवळ, बारीक, अडचणीच्या जागी होतं. त्यांचा अंगठा तिथं जाईचना. चार दिवस प्रयत्न केला. शेवटी मला एक युक्ती सुचली आणि मी तिच्यावर खूश झालो. सेटिंगमध्ये जाऊन मी व्हिडिओ सुरू-बंद करणं शटरच्या बटणावरच ठेवलं. म्हटलं, काका, तुमच्या बोटाला जे बटण माहीत आहे तेच दाबा. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. त्यांनी वहीत लिहून घेतलं. घरी जाऊन सराव केला, तुळशीचा व्हिडिओ काढला, गल्लीचा काढला, मला आणून दाखवला. उत्तम होता. तुळशीला ओठ नसतात, हे माझ्या लक्षात आलं नाही.

रेकॉर्डिंगचा दिवस सोमवार ठरला, मंगळवारी काकूंना दवाखान्यात दाखल करायचं होतं. मी येतो म्हणालो होतो. नेमकी त्याच सोमवारी सिल्लोडला लग्नाची ऑर्डर होती आणि माझा दुसरा माणूस आजारी पडला. मी सिल्लोडला गेलो. दुपारी मांडवातून फोन केला तेव्हा मागं बँड वाजत होता. काकांनी विचारलं, काही अडलं तर? मी म्हणालो, "काय अडतंय काका? बटण दाबा, बाकी सगळं कॅमेरा करतो."

त्या दुपारचं मला काकांनी पुढं सांगितलं. उत्तरेच्या खिडकीपाशी खुर्ची ठेवली होती. काकूंनी अबोली रंगाचं पातळ नेसलं होतं. आठ दिवसांनी त्यांनी तोंड उघडलं तर पहिल्यांदा नुसती हवा आली, मग घोगरा पण सुरातला आवाज. पाऊण तास त्या बोलल्या, मध्ये थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा बोलल्या आणि शेवटी पाळणा म्हटला. पाळणा संपेपर्यंत आवाज पूर्ण गेला. मग त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, आलं का नीट? काकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावरची यादी दाखवली. अकरा छोटी चित्रं, अकराही ठिकाणी काकूंचा चेहरा, उजेड असा की काय सांगावं. काकूंनी मान डोलावली. वाजवून बघू या का, असं काकांनी विचारलं, तर त्यांनी लिहिलं, आत्ता माझंच मला ऐकवणार नाही, बारशाला सगळ्यांबरोबर ऐकेन.

ऑपरेशन नीट झालं. आठव्या दिवशी काका कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड घेऊन माझ्या ऑफिसात आले. काकू सुधारत होत्या, म्हणून चेहऱ्यावर जरा तजेला होता. येताना माझ्यासाठी बालूशाही आणली होती. मी कार्ड लावलं. अकरा फाइली. सगळ्यांची मिळून लांबी चार मिनिटं अडतीस सेकंद.

मला आधी वाटलं की बाकीच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये असतील. मग पहिली फाइल लावली. काकू पदर सारखा करतात, कॅमेऱ्याकडं बघतात, ओठ मिटतात, संपली. सहा सेकंद. दुसरी फाइल. काकू भांडं उचलतात, पाणी पितात, "झालं का?" विचारतात, केस मागं घेतात, ओठ मिटतात. संपली. तिसरीत कुकरची शिट्टी होते आणि काकू स्वयंपाकघराकडं बघतात. सातव्या फाइलीत त्या म्हणतात, "आणि चारू, एक सांगायचं राहिलंच," आणि पुढचं बोलण्याआधी अंमळ थांबतात, ओठ मिटतात. संपली. अकरावीत पाळणा म्हणून झालेला आहे. काकू डोळे टिपतायत आणि आवाज नाही.

आता कळायला अवघड नव्हतं. काकांनी बटण दाबलं, व्हिडिओ सुरू झाला. काकूंनी ओठ मिटून एकदा नीट बघितलं, आणि चाळीस वर्षांचं बोट दाबलं गेलं. बंद झाला. काकू बोलू लागल्या. बोलून झालं, ओठ मिटले, बोट दाबलं गेलं. सुरू झाला. मग पाणी, खोकला, पदर, पुन्हा ओठ मिटले, पुन्हा बंद. पहिल्याच वेळी एक पाऊल उलटं पडलं आणि पुढं सगळं उलटंच होत गेलं. आवाज होत नव्हता, कारण आवाज मी बंद केलेला. पडद्यावर लाल खूण दिसत नव्हती, कारण खुणा मी काढलेल्या. आणि शटरच्या बटणावर व्हिडिओ मीच आणून ठेवलेला.

पण हे लक्षात येण्याआधी मी काकांवर ओरडलो. काय हे, दहा वेळा सांगितलं होतं, लहान मूल आहात का, असं वाटेल ते बोललो. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसले. मग मला माझी युक्ती आठवली. त्या दिवशी किंवा पुढं कधीही त्यांनी मला त्याबद्दल बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पैठण गेटजवळ एक डेटा रिकव्हरीवाला आहे, त्याच्याकडं मी कार्ड घेऊन गेलो. उपयोग नाही हे मला कळत होतं, तरी गेलो. त्यानं अर्धा तास बघितलं आणि म्हणाला, "भाई, मिटाया होता तो निकालता. जो रिकार्डच नै हुआ वो कां से लाऊं?"

मग मी माझ्या जुन्या हार्डडिस्क उपसल्या. चारुताच्या लग्नात काकूंनी मंगलाष्टक म्हटलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. मिळालं ते. अंतरपाटाजवळ काकू उभ्या आहेत, तोंड उघडतंय, मिटतंय, आणि वर मी घातलेली सनई वाजतेय. मूळ आवाज मी तेव्हाच काढून टाकला होता. लग्नाच्या व्हिडिओत आम्ही सगळे तेच करतो. माणसांचे आवाज गलका वाटतात.

काकूंना सांगा, असं मी काकांना पुन्हा पुन्हा म्हणत होतो. ते म्हणायचे, टाके सुकू देत. मग म्हणायचे, जरा अंगात ताकद येऊ दे. काकू पाटीवर विचारायच्या, व्हिडिओ कुठवर आला? काका सांगायचे, इंद्रजीतकडं एडिटिंग चालू आहे. मी घरी गेलो की मलाही विचारायच्या, आणि मी म्हणायचो, व्हय काकू, लई बारीक काम आहे, वेळ लागतो. दवाखान्यानं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून एकसुरी घरघर यायची. काकूंनी ते एकदाच लावून बघितलं, स्वतःचा तो आवाज ऐकला आणि परत डब्यात ठेवून दिलं. त्यांचा सगळा भरवसा त्या व्हिडिओवर होता. चार महिने आम्ही दोन थोराड पुरुष त्या बाईशी खोटं बोललो.

चारुताला मुलगी झाली. तेराव्या दिवशी सिडकोतल्या घरी बारसं ठेवलं. वैदेही नाव ठरलं होतं. पंधरा-वीस बायका, पाळण्याला फुलांच्या माळा, घुगऱ्यांचा वास. काकू गळ्याला पांढरा रुमाल बांधून बसल्या होत्या आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला त्या खरोखर आनंदात दिसल्या. टीव्हीसमोरच्या खुर्च्या त्यांनी आधीच सरकवून ठेवल्या होत्या.

नाव ठेवून झालं, आणि चारुता माझ्याकडं वळली. "दादा, पेन ड्राइव्ह आणलाय ना?"

आमच्या धंद्यात एक ठरलेलं खोटं आहे. कुणाचं काम हातून बिघडलं की सांगायचं, कार्ड करप्ट झालं. गिऱ्हाईक चडफडतं पण कॅमेऱ्याला शिव्या देऊन गप्प बसतं. मी सकाळपासून तेच घोकून आलो होतो. मी म्हणालो, "ताई, काय झालं, ते कार्ड जरा..."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं. "कार्ड चांगलंय," ते म्हणाले. "माझ्या हातून झालं. ती बोलत होती तेव्हा कॅमेरा बंद होता. ती गप्प होती तेवढंच आलंय. पाळणा आलेला नाही."

चारुता बाळाला घेऊन उभी होती. ती काकांकडं बघत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, "मी मोबाईलवर घ्या म्हटलं होतं ना बाबा."

काकूंच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. पण त्या रडल्या नाहीत. मग उठल्या, पाळण्यापाशी गेल्या, दोरी हातात घेतली आणि तोंड उघडलं. आवाज येणारच नव्हता. ओठ हलत होते, पाळणा हलत होता. पहिलं कडवं संपल्यासारखं वाटलं तेव्हा शेजारच्या करुणाताईंनी धीर करून जो बाळा जो जो उचललं आणि बायकांनी साथ दिली. चाल नेहमीची, सगळ्यांना येते ती. काकूंनी मान हलवली. ही नाही. त्यांनी पाळण्याच्या कडेवर बोटांनी ठेका धरून दाखवला. बायकांनी पुन्हा प्रयत्न केला, ठेका जमला, पण चाल तीच जुनी येत राहिली. काकू पुन्हा मान हलवायच्या. हात वर नेऊन, खाली आणून सूर कुठं चढतो ते दाखवायच्या. कुणालाच कळत नव्हतं. तीन-चार वेळा असं झालं, आणि मग बायका ओशाळून थांबल्या.

काकूंनी कपाटातून वही काढून चारुताच्या हातात दिली. पाळण्याचे शब्द त्यात होते. मग पाटी घेतली, लिहिलं आणि काकांच्या समोर धरली. मी शेजारीच होतो, मला वाचता आलं.

चाल तुम्ही ऐकली आहे. चारूला शिकवा.

काकांनी ते वाचलं. काकूंकडं बघितलं. आणि मान डोलावली. काकूंच्या खांद्यातला ताण गेलेला मला स्पष्ट दिसला. त्यांनी पाटी पुसून ठेवली आणि बायकांना ओट्या भरायला बसवलं.

मला तिथं थांबवेना. मी चपला घालून फाटकापाशी आलो, तर काका माझ्या मागं आले. मला वाटलं, सुटले एकदाचे, निदान चाल तरी यांच्याकडं आहे. मी तसं बोललोही. ते फाटकाची कडी चाळवत उभे राहिले.

"मला चाल माहीत नाही रे इंद्रजीत," ते म्हणाले. "ती पाऊण तास बोलली, त्यातलं मला काही सांगता येणार नाही. मी तिचा चेहरा बघत होतो. ओठ कधी मिटतात ते बघत होतो."

संस्कृतीच्या बारशाला मी तेच केलं होतं.

आतून चारुतानं हाक मारली. काका गेले. माझी गाडीची किल्ली आत टेबलावर राहिली होती, ती घ्यायला मीही मागून गेलो. चारुता जमिनीवर मांडी घालून बसली होती. वही उघडी होती आणि मोबाईल तिनं काकांच्या तोंडासमोर धरला होता, रेकॉर्डिंग सुरू करून. काकू पलीकडं पाळण्याची दोरी धरून थांबल्या होत्या. चारुता म्हणाली, "म्हणा बाबा. पहिल्या ओळीपासून."

काका मोबाईलकडं बघत होते. ओठ मिटलेले होते. ते अजिबात हलत नव्हते.